धोंडूची जखम आणि त्याची माणसं

दवाखान्यातले किस्से जमवावे लागत नाहीत. फाटक उघडलं, की पेशंटच्या नातेवाइकांबरोबर ते आपणच आत येतात. इंग्रजी अमलात महाडच्या दवाखान्यात मी जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा ड्रेसर होतो, तेव्हा एकट्या धोंडूच्या माणसांनी मला जन्माचा साठा दिला.

तुडील गावच्या या तरण्या गड्याचा मुतखडा आमच्या डॉक्टरांनी ओटीपोट चिरून काढला. जखम मिटेपर्यंत लघवी तिच्यातूनच झिरपणार. मिटली, की नेहमीच्या वाटेनं येणार. मध्येच पू धरला तर मात्र संपलं, कारण तेव्हा त्यावर खात्रीचं औषधच नव्हतं. उकळलेलं पाणी, जंतुनाशक कार्बोलिक आणि आमची धडधड, एवढ्यावर सगळं.

*

जखम धुवायला मी पाणी खळखळून उकळलं, झाकून ठेवलं. हात धुऊन येतो, तो धोंडूची आई त्यात नदीचं गार पाणी ओततेय!

"अहो, हे काय?"

"विसण घातलं. कढत पान्यानं पोर भाजंल ना."

मी पुन्हा चूल पेटवली.

*

मग मुंबईहून धोंडूचा गिरणीतला भाऊ आला. वॉर्डात वास येतो म्हणून त्यानं बँडेजवरच सेंट शिंपडलं. मी ओरडलो, तर मलाच म्हणतो, "मुंबैत समदे सायेब लोक ह्येच लावतात."

"कापलेल्या पोटावर?"

 मी बँडेज सोडलं, जखम पुन्हा धुतली आणि नवं बांधलं.

*

त्यातच ताप चढला. डॉक्टर सारखे येऊन नाडी बघायचे. भरपूर पाणी पाजा असं बजावलं होतं, तरी धोंडूचे ओठ सुकलेले. मी त्याच्या आईला विचारलं.

"पानी मीच बंद केलंय," ती शांतपणे म्हणाली. "पितो काय नि जखमंतनं गळतं काय. सुकाया नको व्हय जखम?"

मी कपाळाला हात लावला. तिथून पुढे प्रत्येक पेला मीच पाजला. ताप उतरत गेला, पण जखम झिरपतच होती आणि आमचा जीव टांगणीला लागलेला.

*

अशात एक दिवस जिल्ह्याचे गोरे साहेब तपासणीला आले. डॉक्टर कोट घालून, इंग्रजीत, त्यांना दवाखाना दाखवत होते. इतक्यात धोंडूची आई पदर सावरत व्हरांड्यात धावत आली.

"दाक्तर, पोरगा मुतला!"

साहेब थबकले. डॉक्टर इंग्रजी विसरले.

"कुठून, बाई? कुठून?"

"जिथनं देवानं सोय केलीय, तिथनं."