भालकी ते कलबुर्गी, अडखळत्या गिअरसोबत

सीमाभागातल्या ऑटोमॅटिक गाडीवाल्या बंधू-भगिनींनो, तुमचं-माझं दुखणं एकच आहे. गाडीने जरा आळस केला की बॉनेट न उघडताच निकाल लागतो: "गिअरबॉक्स गेला, विकून टाका." पुरावा नाही, तपासणी नाही, थेट फाशी! आमच्या गावातल्या एका गॅरेजात मलाही हाच निकाल मिळाला होता. तरीही मी त्याच गाडीने कलबुर्गीला निघालो, कारण जाणं भाग होतं.

माझी पत्नी सुनंदा आळंद तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण आमचा संसार सुट्टीपुरताच. त्या दिवशी दुपारी कलबुर्गीत तिच्या बदलीचं समुपदेशन होतं. नाव पुकारलं की समोर जायचं आणि रिकाम्या शाळांतली एक निवडायची. तिथं हजर नसलात तर नाव सगळ्यांच्या मागे जातं. घराजवळची एकच जागा उरली होती, आमच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरची.

भालकीहून सकाळी आम्ही दोघं निघालो तेव्हा गाडी शहाण्यासारखी वागली. हुमनाबादच्या दिशेने जाणार असाल तर हीच वेळ निवडा. दोन्हीकडे तुरीची हिरवी शेतं आणि रस्त्यावर ट्रॅक्टर कमी. हळ्ळीखेड जवळ आलं आणि दुखणं उपटलं. थांबून पुन्हा 'डी' टाकला, तर गाडी जागची हलेना. क्षणभराने मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका बसला. पुढे दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडे, वेग वाढेना.

हळ्ळीखेडात सुनंदाचं माहेर. तिथून चहा न घेता पुढे जाणं म्हणजे वर्षभर टोमणे. तिचा धाकटा भाऊ शिवराज शेती करतो. चहा, चुरमुऱ्यांचा गरम सुसला आणि मिरचीभजी होईपर्यंत गाडी निवली. मग शिवराजने गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर ओढली.

"दाजी, तेल तर काठोकाठ हाय की! ट्रॅक्टरचं मी रोज असंच बघतो. इंजिन बंद, थंडगार, मग पट्टी."

मीही मान डोलावली. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या तेल असंच बघतात.

"म्हणजे गिअरबॉक्सच गेला," शिवराज म्हणाला. "गाडी हितंच सोडा. अक्काला मी मोटारसायकलवर नेतो."

सुनंदाने कप खाली ठेवला. "शिवा, दुखणं होतंय गरम असताना आन् तू तपासायलास थंड झाल्यावर. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार हाय?"

"झाली अक्काची शाळा सुरू!"

पण तिचं म्हणणं खोडता येईना. गाडी जपत, हळूहळू हुमनाबादला नेली. महामार्गालगत सपाट अंगणाचं एक गॅरेज दिसलं. मालक रऊफभाई. मी सवयीने किल्लीला हात घातला.

"बंद नक्को करो अण्णा! चालू रहने देव."

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच बाहेर बघू लागलो. रऊफभाईंनी मला ब्रेक दाबून ठेवायला सांगितला, गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर थोडा थांबवत फिरवला, परत 'पी'वर आणला आणि इंजिन चालू असतानाच पट्टी काढली. तेल खुणेच्या बरंच खाली! इंजिन बंद केलं की वर फिरणारं तेल खाली उतरतं आणि पट्टी खोटी ग्वाही देते. शिवराजने तीच वाचली होती.

त्यांनी तेल बोटावर घेतलं, हुंगलं. लालच होतं, जळका वास नव्हता.

"लोक म्हणतात, गिअरबॉक्स गेला," मी म्हणालो.

"लोकां मेरी सास कू बी गई बोले थे, अण्णा. परसों आ को बिर्याणी खा को गई."

गळती तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडाशी सापडली. क्लिप सैल झाली होती. तेल गरम होऊन दाब वाढला की थेंब सुटे आणि खालच्या धुळीने माखलेल्या पत्र्यावर जिरून जाई. म्हणून घरी फरशीवर डाग कधी दिसला नाही. नवी क्लिप बसली. गाडीला लागतं त्याच प्रतीचं तेल बाजारातून येईपर्यंत सुनंदा अंगणात येरझाऱ्या घालत होती. खर्च म्हणाल तर क्लिपचा नगण्य, तेलाचा थोडा, आणि नव्या गिअरबॉक्सपुढे काहीच नाही.

पुन्हा 'डी' टाकला. गाडीने लगेच पाऊल उचललं. कमलापूरच्या चढावर गिअर एकामागून एक असे पडले की मला भाषण करावंसं वाटलं. "अहो, रस्त्याकडं बघा," सुनंदा म्हणाली.

कलबुर्गीत पोहोचलो तेव्हा तिच्या आधीचं नाव पुकारलं जात होतं. ती पळत आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "मेहकर!"

मग आम्ही कडक भाकरी, अंबाडीचा पुंडीपल्ला आणि शेंगाचटणी असं पोटभर जेवलो. परतताना कमलापूरची लाल केळी घ्या, साल जाड असली तरी गर लोण्यासारखा.

आता सुनंदा रोज संध्याकाळी घरी येते, स्वयंपाकघरातून मला गप्प बसवते, आणि मला त्याचंही सुख वाटतं. एका चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या मापावर विसंबून आम्ही हे गमावणार होतो. म्हणून सांगतो, निकाल ऐकून मान डोलावू नका. तुमच्या गाडीची रीत माहितीपुस्तकात बघा आणि पट्टी असलेल्या बहुतेक गाड्यांसारखी ती असेल, तर याच आठवड्यात गाडी चांगली गरम करा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून 'पी'वर आणा आणि इंजिन चालू ठेवून गिअरचं तेल तपासा.