थाईमधला माझा हुंकार

चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर हसताना सांडाल. माझ्या एका शब्दाने समोरचं घर रिकामं झालंय. भांडण नाही हो केलं. प्रेमाने केलं मी ते.

डोंबिवलीत आमच्या मजल्यावर दोनच ब्लॉक. एकात मी एकटी. हे गेले, मुलगी लग्न होऊन कॅनडात. ती उठते तेव्हा मी अंथरूण घालत असते. समोर अनिकेत. मूळचा सावंतवाडीचा, आईवडील नाहीत, घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्या दाराआडून रोज सकाळी कसलेसे सूर यायला लागले, जणू कोणी मांजराला गाणं शिकवतंय. मी काय कान बंद करून बसू? बेसनाचे लाडू घेऊन गेले चौकशीला.

तर साहेब ऑनलाइन थाई शिकत होते. प्लॉय नावाची मुलगी, तिकडे थायलंडात, चियांग माईला. ऑफिसच्या कामातून ओळख, मग प्रेम. तिला लग्न करून डोंबिवलीत आणायचं होतं. पण तिच्या आईची अट अशी, की जावई माझ्याशी माझ्या भाषेत बोलला पाहिजे, मुलगी मध्ये नको.

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? समोरच्या दारात नवी सून येणार. तिला मराठी येणार नाही. मग दिवसभर ती बोलणार कोणाशी? माझ्याशीच की! अनिकेतला म्हटलं, मी पण बसते क्लासला.

"काकू, तसंही तुम्ही दाराबाहेर बसलेल्याच असता," तो म्हणाला. "आत या."

अहो, मी त्याच्या पुढे गेले. त्याला ऑफिस होतं, मला काय होतं? गवार निवडताना आकडे म्हणायची. दुधाला थाईत दम द्यायची. लिफ्टमध्ये एकटी असले की आरशाला नमस्कार, "सवाद्दी खा." आरसा तरी उलटून नमस्कार करायचा.

शेवटी जावयाच्या परीक्षेचा तो व्हिडिओ कॉल आला. अनिकेत इस्त्रीच्या शर्टात घामाघूम, आणि घरचं मोठं माणूस म्हणून मी शेजारी, ठेवणीतली साडी नेसून. समोर प्लॉयची आई, माझ्याच वयाची, नवरा गेलेला. तिने पहिलं काय विचारलं? जेवलात का. म्हटलं, ही तर आपल्यातलीच!

मग ती जी सुटली, अनिकेत पार बधिर. मला मधूनच 'घर', 'मुलगी' एवढंच कळायचं. पण मोठं माणूस मनातलं बोलत असताना आपण दगडासारखे बसतो का? हुंकार नको द्यायला? हो हो, बरोबर, चालेल. म्हणून ती श्वासाला थांबली की मी म्हणायची, "दाय खा." म्हणजे चालेल. ती आणखी खुलायची, मी आणखी मान डोलवायची. शेवटी तिने डोळे पुसून मला हात जोडले. मला वाटलं, जमलं लग्न.

तेवढ्यात प्लॉय धावत आत आली. तिने इंग्रजीत अनिकेतला सांगितलं, त्याने मला. आई म्हणत होती, माझं दुसरं कोणी नाही, मुलगी इथेच राहू दे, जावयाने इकडे यावं, चालेल का? कायमचं आलं तर चालेल का? आणि मुलाकडच्या काकूंनी दर वेळी चालेल म्हटलेलं.

अनिकेतने माइक बंद केला. "काकू, तुम्हीच सांगा ना चुकून झालं. तुमचं ऐकतील त्या."

वाक्य येत होतं मला, माफ करा, चूक झाली. पण ती बाई मुलीचा हात घट्ट धरून बसलेली. माझी निघाली तेव्हा विमानतळावर मला तसाच धरायचा होता, पण तिच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.

"राहू दे रे," मी म्हटलं. "तुझा कॉम्प्युटर तिकडेही चालेल."

गेला. आता फोन करतो अधूनमधून. मी उत्साहाने थाई सुरू केलं की म्हणतो, काकू, प्लीज मराठी बोला, इकडे कानावरच पडत नाही. मग बोलते मराठी. पण मला थाईत तब्येत विचारता येते, भात वाढू का विचारता येतं, अजून बस म्हणून आग्रह करता येतो. करू कोणाला? अख्ख्या डोंबिवलीत माझ्याशी थाई बोलणारा एकच माणूस होता, त्याला मीच चालेल चालेल म्हणत वाटेला लावला.