देवाच्या घोडीचं मुसकं

आमच्या घरी बिरोबाची घोडी आहे. औंधच्या पूर्वेला, माणच्या कोरड्या रानात आमचं गाव. घोडीवर कुणी बसत नाही, ती ओझंही वाहत नाही. वर्षातून एकदा जत्रेला पालखीपुढं चालते, एवढंच तिचं काम. तिला सांभाळायचा मान आमच्या घराला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ही शिंगरू होती. तिचं गवतपाणी माझ्याकडं आलं आणि मला बरं वाटलं. माणसांशी बोलायचं म्हटलं की मी दाराआड होते. घोडीशी बोलावं लागत नाही.

नवस फेडायला आलेला माणूस आधी देवळात जातो आणि मग आमच्या अंगणात येतो. निवद घोडीच्या तोंडी लागला की नवस पोचला, असं सगळे मानतात. कुणाचा पोरगा मिलिटरीत भरती झाला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. प्रत्येकाची पुरणपोळी, गुळाची भाकरी, भिजवलेली डाळ तिच्या पोटात जायची. त्यात माझं माहेर सांगलीकडं, कृष्णेच्या काठाला. ऊसतोडीच्या दिवसांत भाऊ भेटायला आला की टेम्पोतून वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे टाकून जायचा. आमच्याकडं तेव्हा हिरवं पान दिसत नाही. बहिणीच्या दारातल्या मुक्या जनावराला तरी गोड चारा मिळावा, असं त्याच्या मनात असायचं.

घोडी अंगानं भरली. आयाळीखालची मान जाड झाली, हाताला टणक लागायला लागली. पाठीवर मधोमध चरबीची पन्हाळ पडली. सासरे तिच्यावरून हात फिरवत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "देवाचं खाती, देवावाणी दिसती."

एका सकाळी मी गवत घेऊन गेले तर ती पुढचे पाय लांब ताणून, सगळं अंग मागच्या पायांवर टाकून उभी होती. बादली चार पावलांवर होती, पण तिथंवर ती येईना. मी खुराला हात लावला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं लागलं.

साताऱ्याहून जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. काय खायला घालता, असं त्यांनी विचारलं तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंनी खुराला हात लावून बघितला. मग म्हणाल्या, "बाबा, माणसाला साखर होते ना, तसलंच दुखणं आहे हे. ही खडकाळ रानातली जात. थोडक्यावर जगायला जन्मलेली. गोड खाल्लं की तिचं रक्त बिघडतं आणि ते खुरात उतरतं. खुराच्या आत हाड टांगलेलं असतं, त्याची पकड सुटत चाललीय. पुरती सुटली तर ती उभी राहणार नाही. मग माझ्याही हातात काही नाही."

सासऱ्यांनी विचारलं, "आनि निवद?"

"विषासारखा समजा."

बाईंनी इंजेक्शनं दिली आणि मला सगळं समजावून सांगितलं. मी चौथी शिकलेली, पण लक्षात ठेवायला मला शाळा लागली नाही. वाढं बंद, डाळ बंद, गुळाचा खडाही नाही. कडब्याच्या धाटातसुद्धा गोडी असते, म्हणून तोही नाही. आमच्या डोंगरावरचं वाळलेलं कुसळी गवत पाण्यात भिजवायचं, तासाभरानं निथळून घालायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं, तिला प्यायला द्यायचं नाही. उपाशीही ठेवायचं नाही. लठ्ठ जनावर एकदम उपाशी पडलं तर वेगळंच दुखणं उठतं. म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. पायाखाली ओढ्याची वाळू पसरायची. गवताचं पाणी ओतताना ते पिवळसर दिसायचं. मी एकदा बोट बुडवून चाखलं. खरंच गोडसर होतं. वाळलेल्या काडीतही एवढी साखर असते, हे मला ठाऊक नव्हतं.

भावाला फोनवर वाढं आणू नको म्हणून सांगितलं. त्याला राग आला नाही, पण मग तिच्यासाठी आणू तरी काय, असं त्यानं दोनदा विचारलं.

गावाचं अवघड होतं. मी भांडी घासायला वळले की कुणीतरी कुंपणावरून पोळी पुढं करायचं आणि घोडी मान लांब करायची. शेवटी मी तिच्या तोंडाला बांधायला सुतळीचं जाळीदार मुसकं विणलं. मळणीच्या बैलाला बांधतात तसं, फक्त खाली जरा मोकळं, म्हणजे पाणी पिता येईल. गवत घालायच्या वेळी मी ते काढायची.

सासऱ्यांनी ते पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसले. "देवाच्या घोडीला मुसकं? निवदाला न्हाई म्हनायचं? माझ्या बापानं, आज्यानं कवा केलं न्हाई असं."

मी म्हटलं, "आवं मामा, ती मरंल."

"देव बघंल की तिच्याकडं."

मी भिजवलेलं गवत निथळायला घेतलं. पण मुसकं मी काढलं नाही, आणि त्यांनीही काढलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाणवठ्यावर बायका मला ऐकू जाईल असं बोलायच्या. "सोता तोंड उघडत न्हाई, आता घोडीचंबी बांधलं." दुसरी म्हणायची, "नवऱ्याचं बांधलं नसंल कशावरनं?" आमचे हे साताऱ्याला कंपनीत. त्यांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, बांध की. मला हसू आलं नाही.

जत्रा आली तोवर घोडी अंगानं उतरली होती. खूर गार राहायला लागले होते, पण बाईंनी निक्षून सांगितलं होतं की दगडाच्या वाटेनं चालवली तर सगळं पुन्हा सुरू होईल. मानकरी घोडी न्यायला दारात आले. सासरे खाली बघत बसले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी मीच दाराच्या आडून म्हटलं, "ती येनार न्हाई." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मानकरी सासऱ्यांकडं बघत राहिले. ते उठले, फेटा बांधला आणि म्हणाले, "चला. पालखीपुढं मी चालतो." घोडीकडं न बघता ते त्यांच्याबरोबर गेले.

सगळं गाव देवळाकडं गेल्यावर विट्याकडची एक म्हातारी काठी टेकत आमच्या अंगणात आली. नातू भरती झाला होता, त्याचा नवस. पदराखाली पुरणपोळ्या होत्या.

"मुसकं काड गं."

"आजी, तिला गोड चालत न्हाई. आजारी हाय."

"मी एसटीनं तीन गाड्या बदलून आले. तू कोन न्हाई म्हननारी? तिकडं बर्फात उभा हाय माझा नातू. नवस अर्धा राह्यला आनि त्याला काय झालं, तर तू त्याला परत आनून देनार हायेस का?"

मला रडू फुटायला आलं. नातवासाठीचं तिचं भय खोटं नव्हतं, आणि माझंही नव्हतं. मी तिचा हात धरला, तिला वाळूत बसवलं आणि घोडीच्या खुरावर तिचा हात ठेवला. दुखण्यात खुरावर पडलेल्या आडव्या वळ्या अजून तशाच होत्या. मी म्हणाले, "हितं आत हाड सुटत हुतं. साखरेनं."

म्हातारीनं त्या वळ्यांवरून बोट फिरवलं. मग आपलं डावं पाऊल पुढं करून दाखवलं. दोन बोटं नव्हती. "मिरजंला कापली. मला बी पोरं च्यात साखर घालू देत न्हाईत. चोरून खाते मी." असं म्हणून ती थोडं हसली.

"मग नवसाचं गं काय करू?"

"पानी पाजा तिला."

"पान्यानं फिटंल व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले नाही. "म्हाईत न्हाई आजी," म्हटलं. तिनं बादली भरून आणायला लावली, दोन्ही हातांनी धरली आणि घोडी पिईपर्यंत तशीच वाकून उभी राहिली. मला बादली धरू दिली नाही. पोळ्या तिनं पालखीमागच्या पोरांना वाटल्या.

त्यानंतर काही लोक पाणी घेऊन येऊ लागले. सगळे नाही. कुंपणावरून अजून गूळ येतो, आणि मुसकं अजून आहे. घोडी आता पालखीपुढं चालत नाही. सासरे चालतात, दमतात, तरी चालतात. देवाला असं चालतं का, म्हणून मी एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्यानं अजून काय सांगितलं न्हाई." घोडी चार पायांवर सारखा भार देऊन उभी होती आणि ते तिच्यासाठी गवत निथळत होते.