आबांना उणे पाच

मी बारावीला होते तेव्हा मिरजगावातल्या लोकांनी मला डॉक्टर करून टाकलं होतं. दुकानात साखर आणायला गेले तरी कुणीतरी गुडघा दाखवायचं. शेजारच्या काकूंनी तर एकदा जीभ बाहेर काढली आणि मी काहीतरी म्हणेन म्हणून तशाच उभ्या राहिल्या. हे सगळं आबांचं काम. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी नीटची परीक्षा देणार, हे त्यांनी माझ्या आधी स्टँडवरच्या चहावाल्याला सांगितलं होतं.

मला इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्यासाठी राज्याची सीईटी होती. दोन्ही परीक्षा द्यायला कुणाची ना नव्हती, पण जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ओढून मी थकले होते. एक सोडल्याशिवाय दुसरं धड होणार नव्हतं. आबांपुढे नको म्हणायची मात्र आमच्याकडे पद्धत नव्हती. वडीलसुद्धा त्यांच्यापुढे ‘व्हय’ एवढंच बोलायचे.

म्हणून मी आबांचाच पेपर घ्यायचं ठरवलं. रविवारी जेवणं झाल्यावर म्हटलं, दोन परीक्षांतला फरक सांगायचाय, पण तो सोडवून बघितल्याशिवाय कळत नाही. आबा खूश झाले. सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून बसले. वडीलही सोडवायला बसले, आई नुसती बघायला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. प्रश्न मी मुद्दाम घरातलेच काढले होते: हिंगाची डबी कुठल्या फळीवर असते, सकाळी आधी कुठल्या गाईची धार काढतात, माझा धाकटा भाऊ कितवीत आहे. एक आबांना येणारा, शेतातल्या कांद्यावरचाही टाकला, नाहीतर आबांना संशय आला असता.

वडिलांनी येत नव्हतं ते कोरं सोडलं. आबांनी सगळं सोडवलं, कारण ‘माहीत नाही’ म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

मी तपासलं. सीईटीत चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्या हिशोबानं आबांना एक गुण, तो कांद्याचा. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मिळतात, पण चुकलं की एक कापतात. तिथं आबांना उणे पाच.

“शून्याच्या खाली?” आबांनी कागद ओढून घेतला. “शून्याच्या खाली कुनी मानूस जातं व्हय?”

वडील छताकडे बघत होते. आई तोंडाला पदर लावून आत गेली.

पण आबा असे ऐकणारे नव्हते. आपलं राहू दे, आपण काय शिकलेलो नाही, पोरगी हुशार आहे, तिचे कशाला कापतील, असं ते म्हणाले. बोलणं खरं होतं. पुन्हा नीटच गळ्यात पडणार असं दिसू लागलं. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आबांसमोर ती कधी बोलायची नाही. आत्ताही तिनं माझ्याकडेच बघून विचारलं, “तुला काय व्हायचंय गं?”

हे आमच्या घरात कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगून टाकलं: इंजिनिअर. नीट नको, सीईटी देते.

आबांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, “आता गावात काय सांगू मी?”

“उणे पाच सांगू नका म्हंजे झालं,” वडील म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, संपलं. पण हसू आधी आबांनाच फुटलं.

सीईटीच्या दिवशी त्यांनीच मला मोटरसायकलवर नगरला नेलं. केंद्राच्या गेटवर एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, पोरीला डॉक्टर का नाही केलं? “त्यात कापाकापी लई,” आबा म्हणाले. “मी सोताच दोन्ही पेपर सोडवून बघितलं, मंग ठरवलं.” आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. किती गुण पडले, हे त्या गृहस्थांनी विचारलं नाही.

आज मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. कुणी विचारलं, तर आबांनीच ठरवलं असं मीही सांगते.