धोंडुबाईला बघायला गेलेली माणसं

आमच्या आळीत बातमी आली ती अशी, की धोंडुबाई सांगलीच्या दवाखान्यातून नळ्यांसकट पळून निघाली होती आणि तिच्या नवऱ्यानं, लालासाहेबानं, तिला व्हरांड्यात गाठून धरलं. बातमी आणली नाथाजीनं. तो मिरज पॅसेंजरनं तिला बघायला गेला, जिना चढला, आणि समोर जे दिसलं ते बघून आल्या पावली परत फिरला. अर्धं बघायचं आणि उरलेलं कोरेगाव स्टेशन येईपर्यंत जुळवायचं, ही त्याची जुनी खोड.

खरं एवढंच होतं, की बाई चालत होती. आतड्यातली कॅन्सरची गाठ आदल्या दिवशी काढलेली, आणि डॉक्टरांनीच तिला उठवून उभं केलेलं. नवरा मागं होता तो धरायला नव्हे, लघवीची पिशवी सांभाळायला. आता हा लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन आल्यापासून बाजाराला जाताना बायकोच्या वीस हात पुढं चालणारा गडी. तो तिच्या मागून, तिच्या पावलानं चाललेला बघून नाथाजीचीच काय, कुणाचीही गफलत झाली असती.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडं ऑपरेशन म्हणजे उताणं पडायचं आणि पाण्याच्या घोटाला महाग व्हायचं. हे डॉक्टर तरुण, काही नवं शिकून आलेले. त्यांनी ऑपरेशनच्या आधीच तिला रोज मळ्यापर्यंत चालायला लावलं आणि छातीच्या व्यायामाला एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. नळीतून श्वास ओढला की त्यातले गोळे वर चढायचे. नातवंडं व्हायच्या वयात खुळखुळा मिळाला म्हणून मी चिडवलं, तर तिनं ते माझ्याच हातात दिलं. माझा एकच गोळा हलला, तोही मनात नसल्यासारखा.

ऑपरेशननंतर लगेच उठायचं, घोट घोट पाणी, मग भाताची पेज. पडून राहिलं तर छातीत कफ साठतो आणि गाठीतून वाचलेलं माणूस तापानं जातं, हे डॉक्टरांनी नवराबायकोला नीट समजावलं होतं. थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण पुढ्यात होतं. धोंडुबाईला जगायचं होतं, म्हणून ती चालायला लागली.

आणि मग बघायला माणसं आली.

आमच्या भागात आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे त्याची एक रीत आहे. नारळ, बिस्किटाचा पुडा, कॉटेभोवती उभं राहून चुकचुकणं. आजारी माणूस हिंडता-फिरता दिसलं तर भाडं खर्चून आलेल्याचा अपमान. धोंडुबाई रीत पाळणारी. जिन्यात आपल्याकडचा आवाज आला की ती कॉटवर जाऊन पडायची, पदर सारखा करायची, थोडं कण्हायचीसुद्धा. एक घोळका उठला की दुसरा हजर. त्यात उंब्रजची थोरली नणंद बनुबाई उशालाच ठाण मांडून बसली. भावजय उठायला लागली की खांदा दाबायची, टाके उसवतील म्हणायची. पेजेची वाटीही तिनंच बाजूला सारली. असा दोन दिवस दरबार भरला. मीही होतो त्यात, आणि मला खुर्ची चांगली मिळाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप भरला, छाती घरघरायला लागली. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि लालासाहेबाला सांगितलं, की गाठ पुरती निघालीय, औषधही चालू करतो, पण ही अशीच पडून राहिली तर माझ्या हातात काही राहणार नाही. पण बहिणीला उशापासून ऊठ म्हणणं लालासाहेबाच्यानं झालं नाही. सीमेवर उभा राहिलेला माणूस, पण बनुबाईनं त्याला कडेवर वाढवलेलं. धोंडुबाई पडल्या पडल्या सगळं ऐकत होती.

दुपारी गावाकडची आम्ही चार माणसं पुन्हा दवाखान्यात पोचलो. बाई कॉटवर नव्हती. व्हरांड्यात उभी राहून, टाक्यांना आधार म्हणून पोटाशी उशी गच्च धरून खोकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्हाला बघून ती पडायला गेली नाही. बोलायचं आसंल तर संगं चाला, म्हणाली.

मग काय, चाललो. पुढं ती, मागं पिशवी घेऊन हवालदार, त्याच्यामागं नारळ घेऊन मी, आणि माझ्यामागं बाकीची वरात. टोकाच्या खिडकीपर्यंत जायचं आणि परत. मध्येच ती भिंतीला टेकायची, खोकून कफ काढायची, ओठ काळे पडायचे. मला एरवी मयतीतसुद्धा थट्टा सुचते. त्या दिवशी नाही सुचली.

पुढं ताप उतरला, पेज पोटात ठरली, लेकीचं बाळंतपणही तिनं उभं राहून केलं. पण त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. बनुबाई तर कॉटेपाशी तोंड फुगवून उभी होती. आमची वरात जवळ आली तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की दुखणेकऱ्यानं दुखणेकऱ्यासारखं पडावं, एवढ्या लांबनं माणसं आल्याती, ती काय म्हणतील?

धोंडुबाई थांबली. आधी श्वास गोळा केला, मग बोलली.

"वन्सं, तुमी मला बगायलाच आलाय न्हवं? मग चालत्याली बगा. पडल्याली बगायची घाई करू नगा, ती येळ कवातरी यायचीच हाय."