एक्कावन्न किलोवाला

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर सीताफळं विकणारी ती बाई बोलताना डावी मूठ हनुवटीशी धरायची. एकदा तिच्या टोपलीपाशी दोन ट्रक ड्रायव्हर भांडत होते, जगातला सगळ्यात भारी बॉक्सर कोण म्हणून. दोघांनी घेतलेली नावं हेवीवेटचीच, सगळ्यात जड वजनगटातली.

"भाऊ, माह्या यादीत पयला एक्कावन्न किलोवाला हाय," ती म्हणाली. "मोठ्याले एक ठोसा पुरते. लहान्याले बाराही राउंड डोकं चालवा लागते."

"तुम्ही खेळायच्या काय?" मी विचारलं.

"शाळेत होती तवा. पयलीच लढत हरली मी," ती खळखळून हसली. "पण तिसऱ्या, शेवटच्या राउंडलेही उभी होती!"

ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. माझी बस लागली होती. ती जाऊ दिली आणि म्हणालो, "ती लढत पहिल्यापासून सांगा."