दादाराव काकांचा बिनअक्षरी कागद

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात अफवा होती की दादाराव काका बंदुका विकतात. शरयू काकू ही बातमी दर पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे जमवून केलेल्या जेवणाला, द्यायच्या, हातात बटाटेवडा आणि आवाज अर्धा: "अहो, डिफेन्सचं काम आहे त्यांचं. आपण विचारू नये." आपण विचारू नये, असं त्या अख्ख्या हॉलला सांगून यायच्या.

खरं म्हणजे काकांनी जन्मात बंदूक धरली नव्हती. ते फिल्टर पाठवायचे. साल १९८७. आफ्रिकेतल्या एका वाळवंटी देशात लढाई चालू होती, तिथल्या सैन्याला अमेरिकेनं ट्रक दान दिले होते, आणि त्या ट्रकांचे पट्टे, नळ्या, फिल्टर खोक्यांत भरून पाठवण्याचं काम काकांच्या कंपनीकडे होतं. काका मूळचे कामठीचे, नागपूरला इंजिनिअर झालेले. बोलायचे इतकं सावकाश, की त्यांची नक्कल करताना मला, त्यांच्या शेजारच्या शाळकरी पोराला, मध्येच श्वास घ्यावा लागायचा: "बघ... सोपं आहे... ट्रक हवा खातो. तिथल्या हवेत वाळू आहे... म्हणजे ट्रक वाळू खातो."

वाळू खाऊन ट्रक मरत होते. तीसपैकी अकरा बंद पडलेत, असं तिथून पत्र आलं होतं. नवे फिल्टर खोक्यातच पडून होते, कारण ते बदलायचे कसे हे सांगणारं पुस्तक चारशे पानांचं आणि इंग्रजी. तिथले काही मेकॅनिक अरबी वाचणारे, काही काहीच न वाचणारे.

"त्या ट्रकमध्ये पाणी असतं, पीठ असतं, जखमी माणसं असतात," काका म्हणाले. "भर वाळूत थांबला तर त्यांनी काय करायचं?"

म्हणून त्यांनी एक कागद काढला. एका ओळीत सहा चित्रं, अक्षर एकही नाही. त्यांचा मॅनेजर नाकातून बोलायचा: "डॅडा, नाइस ड्रॉइंग्ज. पण शिपमेंट शुक्रवारी आहे आणि पुस्तक छापून तयार आहे." शेवटी त्यानं एक अट घातली. वाचता न येणाऱ्या कुणीतरी गुरुवारी त्याच्यासमोर वीस मिनिटांत फिल्टर बदलून दाखवायचा. नाही जमलं, तर पुन्हा पुस्तकच जाणार.

असं माणूस काकांच्या घरातच होतं. रत्नाआत्या, त्यांची थोरली बहीण, सहा महिन्यांसाठी आली होती. चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या, शाळेची पायरी चढली नव्हती.

"नो वे, काका," मी म्हणालो. "आत्यांनी पाना हातात धरलेला नाही. वीस मिनिटांत इम्पॉसिबल."

"पैज?"

"पैज. हरलो तर बाबांच्या ब्यूक गाडीचा फिल्टर मी बदलतो."

"आणि मी हरलो... तर माझी जी नक्कल तू करतोस ना... ती मंडळाच्या स्टेजवर कर. मी पहिल्या रांगेत बसतो."

त्यांना ठाऊक होतं तर. माझे कान गरम झाले, पण पैज फारच गोड होती.

बुधवारी काकांनी ट्रकचा फिल्टर डब्यासकट गॅरेजमध्ये आणला आणि कागद आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि बोट ठेवलं ते थेट उजवीकडच्या शेवटच्या चित्रावर. मग त्याच्या डावीकडच्या.

"दादाराव, हे झाकण बसवायला सांगून राहिलं. झाकण तं बसलेलंच हाय."

"ताई, तिथून नाही. इकडून."

"काहून? डबा आता बंद हाय. बंद डब्याचं चित्र इथं हाय. मग इथूनच सुरू करीन ना."

मी मनात स्टेजवर चढलोसुद्धा. काका मात्र खाली बसले.

"अरबीसुद्धा उजवीकडून वाचतात," ते हळूच म्हणाले. "ते पण इथूनच सुरू करणार."

त्यांनी कात्री आणली. चित्रं कापून एकाखाली एक चिकटवली. सगळ्यांत वर बंद डबा काढला, सगळ्यांत खाली धावणारा ट्रक.

"ताई, आता कुठून?"

"वरूनच की. खालून कोण सुरू करते?"

गुरुवारी कंपनीच्या आवारात मॅनेजर घड्याळ धरून उभा. आत्यांनी पदर खोचला आणि पाना लावला. नट घट्ट होता. त्यांनी तो विडीचा धागा ओढावा तसा झटक्यात सोडवला. जुना फिल्टर निघाला. चौथ्या चित्राशी त्या थांबल्या. चित्रात हात फडक्यानं डबा पुसत होता आणि फडकं द्यायला काका विसरले होते. काकांचा हात खिशातल्या रुमालापर्यंत जाऊन थांबला. मदत करायची नाही असं ठरलेलं. आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खोचलेला पदर सोडला आणि त्यानंच डबा आतून पुसून काढला. नवा फिल्टर बसला, झाकण बसलं.

"फोर्टीन मिनिट्स," मॅनेजर म्हणाला. मग घड्याळ खिशात टाकत: "ओके, डॅडा. हेच छाप."

"झालं?" आत्या म्हणाल्या. "मले वाटलं अवघड राहीन."

रविवारी मी ब्यूकचा फिल्टर बदलला. एकतीस मिनिटं लागली. काका आमच्या ड्राइव्हवेत खुर्ची टाकून चहा पीत होते. शेवटी एक नट उरला. तो त्यांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि गाडीच्या हुडकडे, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाकडे, बोट दाखवलं. मी ते पुन्हा उघडलं.